रानवाटेवरचा कुत्रा

महाभारतात माणसांबरोबर वाट चालणारा कुत्रा दोन ठळक प्रसंगांत येतो. त्यांतला शेवटचा सगळ्यांना आठवतो. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागून एक कुत्रा हिमालय चढत जातो. द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत कोसळतात. इंद्राने रथ पुढे केल्यावर, सोबत आलेल्या त्या कुत्र्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. निष्ठेची गोष्ट म्हणून आपण ती मुलांना सांगतो. दुसरा प्रसंग आदिपर्वातला आहे आणि त्यातल्या कुत्र्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पांडव शिकारीला रानात जातात, बरोबर एक कुत्रा असतो. तो एकटाच भटकत पुढे जातो, एकान्तात धनुर्विद्येचा सराव करणाऱ्या एकलव्याला पाहतो आणि भुंकू लागतो. एकलव्य त्याच्या तोंडात सात बाण मारतो. कुत्रा तसाच परत येतो, ते बाण पाहून पांडव चकित होतात, माग काढत एकलव्यापर्यंत पोचतात आणि गोष्ट अंगठ्यापर्यंत जाते.

या कथेचे अन्वयार्थ जातीच्या, गुरुशिष्यांच्या आणि सत्तेच्या अंगाने पुष्कळ झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. मला इथे फक्त तिच्या सुरुवातीकडे बोट दाखवायचं आहे. धनी आपल्या वाटेने चालले होते, कुत्रा वाट सोडून आत गेला. रानात जे निवांत, कुणाच्या नजरेआड चाललं होतं ते त्याने उघड केलं. आणि त्याची किंमत रानात राहणाऱ्याने मोजली. कुत्र्याला घेऊन रानात फिरायला जाणं या आजच्या साध्या, आनंदाच्या गोष्टीबद्दल गेल्या काही दशकांत जे संशोधन झालं आहे, त्याचा सारांश मला वाटतं याच तीन वाक्यांत सांगता येतो.

हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे. पुण्यात वेताळ टेकडी आणि तळजाई, मुंबईत आरेचा परिसर, आणि अशीच शहरांना खेटून राहिलेली कितीतरी रानं. सकाळ-संध्याकाळ तिथे कुत्रा घेऊन आलेली माणसं दिसतात. मीही त्यांतलाच आहे. माझ्याकडे एक गावठी कुत्री आहे आणि टेकडी चढताना तिच्याइतकं खूश कुणीच नसतं. अशा वाटांवर दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं, ‘अहो, कुत्रा हाही प्राणीच, प्राणी रानात गेला तर बिघडलं कुठे?’ दुसरं, ‘दोरीला बांधलेला आहे ना, मग झालं तर.’ दोन्ही वाक्यं चांगल्या मनाची माणसं बोलतात. ती कितपत खरी आहेत, हे तपासायला हवं.

आधी कुत्र्याची बाजू घेऊ, कारण रानवाट त्याला खरोखरच काहीतरी देते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार वीस कोटींच्याही पुढे जातात. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो. या हवेचा एक भाग फुप्फुसाकडे न जाता नाकाच्या मागच्या बाजूला असलेल्या, खास वासासाठी राखलेल्या कप्प्यात जाऊन रेंगाळतो. बाहेर टाकलेली हवा नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून निघते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स या बेलफास्टच्या संशोधकांनी २००५ साली एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. माणूस चालत गेलेल्या मागावर कुत्र्यांना आडवं आणायचं आणि तो माणूस कोणत्या दिशेला गेला हे त्यांना ओळखता येतं का, ते पाहायचं. माग काढायला शिकवलेल्या कुत्र्यांना त्यासाठी पाच पावलं पुरली. पहिल्या आणि पाचव्या पावलात वेळेचं अंतर जेमतेम दोन-तीन सेकंदांचं. तेवढ्या वेळात विरलेल्या वासातला फरक त्या नाकाला कळला.

म्हणजे आपण ज्याला वाट म्हणतो तिथे कुत्र्याला रात्रीपासून कोण कोण गेलं, कोणत्या दिशेने गेलं, कुणाची पिल्लं बरोबर होती, असा सगळा मजकूर वाचायला मिळतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ आणि शार्लोट द्युरांतों यांनी २०१९ मध्ये पाळीव कुत्र्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाला दोन आठवडे वास शोधण्याचे खेळ दिले, दुसऱ्याला धन्याच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव दिला. नंतरच्या चाचणीत, खाऊ असेल की नसेल अशा संदिग्ध ठिकाणी ठेवलेल्या भांड्याकडे वास शोधणारी कुत्री अधिक उत्सुकतेने गेली. हुंगायला मिळणं हे कुत्र्याच्या मनाला मानवतं, असा त्याचा साधा अर्थ. फ्लॅटमध्ये दिवस काढणाऱ्या कुत्र्याला रानात न्यावंसं वाटणं हे म्हणूनच नुसते लाड नव्हेत.

आता रानाची बाजू. २००७ साली सिडनीच्या वेशीवरच्या रानांत पीटर बँक्स आणि जेसिका ब्रायंट यांनी एक प्रयोग केला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी वाटांवरच्या नव्वद जागा निवडल्या. काही जागी एक माणूस दोरीला बांधलेला कुत्रा घेऊन चालत गेला, काही जागी माणूस एकटा गेला आणि काही जागी कुणीच गेलं नाही. लगेच मागून जाऊन निरीक्षकांनी पक्षी मोजले. कुणीच न गेलेल्या वाटांच्या तुलनेत, कुत्रा गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जातींत ३५ टक्के घट दिसली आणि एकूण संख्येत ४१ टक्के. माणूस एकटा गेला तरी पक्षी बिचकलेच, पण तो परिणाम बहुतेक बाबतींत कुत्र्याच्या परिणामाच्या निम्म्याहूनही कमी होता. सर्वांत जास्त बिचकले ते जमिनीवर वावरणारे पक्षी.

या प्रयोगातल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. एक म्हणजे सगळे कुत्रे दोरीला बांधलेले होते, एकानेही कुणाचा पाठलाग केला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, निवडलेल्या जागांपैकी काही ठिकाणी लोक नेहमी कुत्री फिरवत आणि काही ठिकाणी कुत्र्यांना बंदी होती. ‘रोज पाहून सवय होते’ हे खरं असतं, तर नेहमीच्या ठिकाणचे पक्षी कमी बिचकले असते. तसं झालं नाही. दोन्हीकडे परिणाम सारखाच होता.

याचं कारण पक्ष्यांच्या नजरेने पाहिलं की कळतं. आपल्या लेखी कुत्रा हा घरातला. पण चार पायांवर, मान खाली घालून, नाक जमिनीला लावून नागमोडी येणारी आकृती रानातल्या कोणत्याही जिवाच्या लेखी शिकारी असते. ती खरोखर शिकार करणार आहे की बिस्किटाची वाट पाहते आहे, हे पडताळायला थांबणारा पक्षी जास्त दिवस जगत नाही. ‘कुत्रा हाही प्राणीच’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धं. तो लांडग्याच्या कुळातला मांसाहारी प्राणी आहे, आणि रानाने त्याच्याशी वागण्याची रीत त्यावरूनच ठरवलेली आहे.

‘उडाला तर उडाला, परत येईल’ असं यावर कुणी म्हणेल. परत येतोही. पण दरम्यानच्या काही मिनिटांचा हिशेब आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार कडक असतो. टिटवी उघड्या माळावर, चार खड्यांच्या आधाराने अंडी घालते. रातवा तर घरटंच करत नाही, पाचोळ्यात नाहीतर उघड्या जमिनीवर अंडी ठेवतो आणि स्वतःच्या मातकट रंगाच्या भरवशावर त्यांच्यावर बसून राहतो. लावे आणि तित्तिरही जमिनीवरच वितात. मार्चपासून पावसाळ्यापर्यंतचा हा त्यांचा काळ. भर उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवते. अशा वेळी तिला उठवणं म्हणजे अंडी तव्यावर सोडणं. पाठोपाठ चार कुत्री गेली, तर ती चार वेळा उठणार. शिवाय तिच्या ओरडण्याने कावळ्याला आणि मुंगसाला पत्ता कळतो तो निराळाच.

सस्तन प्राण्यांच्या बाबतीत आपल्याला सिडनीपर्यंत जायला नको. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडाचा आणि गावकुत्र्यांचा अभ्यास केला. खोकड म्हणजे माळरानावरचा छोटा कोल्हा, वजनाला दोन-तीन किलोंचा. त्याच्यासाठी खाद्य मांडून ठेवलं आणि जवळ कुत्रा असला, की खोकड कमी खात, जास्त वेळ मान वर करून पाहत राहत. मोठ्या पट्ट्यावर पाहिलं तेव्हाही खोकडं कुत्र्यांच्या वावराच्या जागा टाळताना दिसली. चावा नाही, पाठलाग नाही, तरी जेवणाच्या वेळा आणि जागा आक्रसल्या. रानात कुत्र्याने केलेलं नुकसान मोजताना आपण मेलेला ससा शोधतो. उपाशी राहिलेलं खोकड मोजदादीत येत नाही.

इथवर मी बांधलेल्या किंवा नुसत्या हजर असलेल्या कुत्र्याबद्दल बोललो. तो मोकळा सोडला तर काय होतं, याचा एक साधा हिशेब करता येतो. दोन मीटरच्या दोरीने पाच किलोमीटर चाललो, तर कुत्रा वाटेच्या दोन्ही बाजूंना मिळून चार मीटरचा पट्टा व्यापतो, म्हणजे दोन हेक्टर जागा. तोच कुत्रा मोकळा असेल आणि दोन्ही बाजूंना फक्त पन्नास-पन्नास मीटर आत जाऊन येत असेल, तर पन्नास हेक्टर. पंचवीस पट. आणि ‘आमचा कुठे जात नाही लांब’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या कुत्र्याला पन्नास मीटर हे अंतर काहीच वाटत नाही.

मोकळ्या कुत्र्याने काय होऊ शकतं, याचं टोकाचं उदाहरण न्यूझीलंडमधलं आहे. १९८७ साली तिथल्या वाइटांगीच्या जंगलात मायकेल टाबोर्स्की किवी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. ऑगस्टपासून ट्रान्समीटर बसवलेले पक्षी एकामागून एक मेलेले सापडू लागले. तेरा किवी गेले. सगळ्यांच्या अंगावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा. अखेर एक जर्मन शेफर्ड जातीची कुत्री सापडली, गळ्यात पट्टा असलेली. तिला मारल्यावर मृत्यू थांबले. त्या जंगलात तेव्हा नऊशेच्या आसपास किवी होते. त्यांतले सुमारे पाचशे या एका कुत्रीने काही आठवड्यांत मारले असावेत, असा अंदाज टाबोर्स्कींनी काढला. किवी उडत नाही, त्याला उग्र वास असतो आणि सस्तन शिकाऱ्याची सवय त्याच्या पूर्वजांना नव्हती, म्हणून हे इतकं सोपं झालं. आपल्याकडचे प्राणी इतके भाबडे नाहीत. पण ती कुत्री दुष्ट नव्हती, पिसाळलेलीही नव्हती. कुणाची तरी पाळलेली होती आणि तिला वेळ मोकळा मिळाला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तेव्हा दोरी हवीच. त्यात कुत्र्याचंही हित आहे. फुरसं किंवा घोणस पाचोळ्यात पडून असते आणि कुत्रा तिच्याकडे नाक पुढे करूनच जातो, त्यामुळे दंश होतो तो बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. पण ‘दोरीला बांधलं की झालं’ हे दुसरं वाक्य अजून शिल्लक आहे. सिडनीच्या प्रयोगाने ते अर्धं खोडलंच आहे. उरलेलं अर्धं बेल्जियममधल्या एका मोजणीने खोडलं.

गेंट शहरालगतच्या चार राखीव रानांत तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दीड वर्ष फेऱ्या मारून कुत्री मोजली आणि त्यांच्या मलमूत्रातून जमिनीत किती खत पडतं याचा हिशेब २०२२ मध्ये मांडला. दर हेक्टरी वर्षाला ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद. शेतकऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील, पण रान हे शेत नाही. पुढचा हिशेब अधिक बोलका आहे. सगळी कुत्री दोरीला बांधली, तर आतल्या रानावरचा भार पुष्कळ कमी होतो, पण तो वाटेच्या काठांवर साचतो आणि तिथे नत्र हेक्टरी १७५ किलोंवर जातं. शी उचलली तर स्फुरद जवळजवळ पूर्ण, ९७ टक्के, टळतं. नत्र मात्र निम्म्याहून थोडंसंच जास्त कमी होतं, कारण उरलेलं लघवीतून जातं आणि ती कुणी पिशवीत भरू शकत नाही.

खत पडलं तर झाडांना चांगलंच की, असं वाटू शकतं. आपल्या सड्यांकडे पाहिलं तर कळतं की तसं नाही. कासचं पठार किंवा कोकणातले कातळसडे फुलतात ते तिथली माती पातळ आणि निकस आहे म्हणून. दवबिंदू किंवा सीतेची आसवं या वनस्पती कीटक पकडून नत्र मिळवतात, कारण मातीत ते मिळत नाही. जिथे सगळ्यांचीच उपासमार आहे तिथे या काटकसरी वनस्पती टिकतात. त्याच जागी वरून खत आलं, की भराभर वाढणारं गवत आणि तण त्यांच्यावर मात करतं. नत्र वाढलं की अशा निकस जमिनीवरचं वैविध्य घटतं, हे अनेक देशांत दिसलेलं आहे. सड्यावर कुत्रा नेणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवं.

विष्ठेतून आणि श्वासातून आणखी एक गोष्ट रानात जाते, ती म्हणजे रोग. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो. डिस्टेंपरचा विषाणू बाहेर फार काळ टिकत नाही, पण शिंकेतून, लाळेतून, जवळ आलेल्या जनावराकडे सहज जातो, आणि लांडगा, कोल्हा, खोकड, रानकुत्रा यांच्यापासून वाघ-सिंहांपर्यंत अनेकांना होतो. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरची साथ आली आणि तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश मेले. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या जंगलात दलखाणिया भागात २३ सिंह दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासलेल्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू सापडला. नान्नजच्या परिसरातल्या गावकुत्र्यांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हाही त्यांतल्या बहुसंख्यांना हे विषाणू कधी ना कधी होऊन गेल्याचं दिसलं. पाळीव कुत्र्याला दरवर्षी लस देणं ही म्हणून केवळ घरातली बाब राहत नाही. ज्याच्या लसी पूर्ण नाहीत असा कुत्रा, विशेषतः पिल्लू, रानात नेणं हे दोघांच्याही जिवाशी खेळणं आहे.

आता चित्र उलटं करून पाहू. महाराष्ट्रातल्या रानवाटेवर कुत्रा हा जसा शिकारी तसाच शिकारही आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. बिबट्याच्या आहारात ८७ टक्के वाटा माणसाच्या आसपासच्या, पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या भरपूर असूनही कुत्र्याचा वाटा मोठा होता, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रा बाहेर. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावीत, असा अंदाज २०१८ मधल्या एका शोधनिबंधात आहे. कुत्री कमी झाल्यामुळे शहरातल्या माणसांना होणारे चावेही टळतात, असा त्या लेखकांचा मुद्दा होता.

याचा व्यवहारातला अर्थ असा की, तिन्हीसांजेला किंवा पहाटे अंधारात बिबट्याच्या वावराच्या वाटेवर कुत्रा घेऊन चालणारा माणूस हातात आमिष धरून चालत असतो. बिबट्याचं लक्ष कुत्र्यावर असतं, पण दोरीचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण मात्र मऊ कापडी पट्टा घालून, मोबाइलच्या उजेडात, त्याच वाटेने जातो.

आणि एक कुत्रा असा आहे, ज्याच्या गळ्यात पट्टाच नाही. सह्याद्रीत किल्ले चढणाऱ्या प्रत्येकाला तो भेटलेला असतो. पायथ्याच्या गावातून एक-दोन कुत्री आपण होऊन बरोबर निघतात, चुकलेली वाट दाखवतात, कातळावर थांबून मागे वळून पाहतात, रात्री गुहेच्या तोंडाशी झोपतात. मराठी भटक्यांच्या आठवणींत या वाटाड्या कुत्र्यांना मानाचं पान असतं, आणि का असू नये? गडावर असा सोबती मिळणं हे भाग्यच. पण तो येतो तो आपल्या पिशवीतल्या बिस्किटांच्या, पोळीच्या भरवशावर. रविवारी शंभर माणसं चढतात, सोमवारी कुणी नसतं. सोमवारी तो काय खातो? काही गावात परततात. जे गडावरच राहतात, त्यांच्यासमोर ससा, घोरपड, भेकराचं पाडस यांखेरीज फारसा पर्याय नसतो. एकटा कुत्रा जे करू शकत नाही ते तीन-चार मिळून करतात.

ही बाब छोटी नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या १ कोटी ५३ लाख भरली, आणि त्यांत घरचं म्हणवणारी पण दिवसभर मोकळी असणारी गावकुत्री धरलेली नाहीत. चंद्रिमा होम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये देशभरातल्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यजीवांच्या ८० जाती निघाल्या. त्यांतल्या ३१ धोक्यात असलेल्या यादीतल्या होत्या. निर्बीजीकरणाचे नियम सांगतात की शस्त्रक्रियेनंतर कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. गल्लीसाठी हे ठीक असेल. पण ती ‘जागा’ गडाची माची किंवा अभयारण्याची कड असेल, तर प्रजोत्पादन थांबलं तरी शिकार थांबत नाही. म्हणजे खरा उपाय खालच्या गावात आणि आपल्या पिशवीत आहे. गावकुत्र्यांना लसी आणि निर्बीजीकरण पायथ्याच्या गावात पोचायला हवं, गडावर उष्टं टाकायला नको, आणि सोबत आलेल्या कुत्र्याला खाऊ घालायचाच असेल तर परत गावात उतरल्यावर, त्याच्या घरच्या अंगणात घालावा. वाटेवर आणि माथ्यावर दिलेलं प्रत्येक बिस्कीट त्याला पुढच्या वेळी पुन्हा रानात बोलावतं.

हे सगळं वाचून कुत्र्याला रानात नेऊच नये असा निष्कर्ष कुणी काढला, तर मी वाद घालणार नाही. राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, कातळसडे आणि माळढोकासारख्या पक्ष्यांची माळरानं यांच्यासाठी माझाही निष्कर्ष तोच आहे. दोरी असो वा नसो, तिथे कुत्रा नेऊ नये. पण सगळी रानं सारखी नसतात. शहराच्या टेकडीवर जी रुंद वाट आधीच शेकडो पायांनी तुडवलेली आहे, तिथे आणखी एक बांधलेला कुत्रा गेल्याने पडणारा फरक आणि आतल्या पायवाटेवर गेल्याने पडणारा फरक यांत पुष्कळ अंतर आहे. गर्दीच्या वाटेचा काठ रानाने आधीच सोडून दिलेला असतो. आतली जागा त्याने राखून ठेवलेली असते. कुत्र्याला तर दोन्ही वाटांवर हुंगायला पुरेसं मिळतं. त्याला निसर्गदृश्य नको असतं, त्याला बातम्या हव्या असतात. एका दगडापाशी पाच मिनिटं उभं राहायची तयारी आपण ठेवली, तर अर्ध्या किलोमीटरमध्ये त्याचं मन भरतं. आतल्या पायवाटेचा हट्ट आपला असतो.

म्हणून मी माझ्यापुरती वाटणी केली आहे. उजाडल्यावर निघायचं, अंधारापूर्वी परतायचं. दोरी दोन मीटरची, लांबणारी नाही. पिशवी खिशात. मार्च ते जुलै फक्त डांबरी रस्त्याला लागून जाणारी रुंद वाट. टिटवी ओरडू लागली, की ‘काय सुंदर ओरडते’ म्हणत उभं न राहता मागे फिरायचं, कारण ते ओरडणं आपल्यालाच उद्देशून असतं. आणि ज्या दिवशी मला स्वतःला आतल्या पायवाटेने जायचं असेल, त्या दिवशी कुत्री घरी. ती दारापर्यंत येते, बूट हुंगते, तोंडाकडे पाहते. त्या वेळी तिची समजूत घालणं सोपं नसतं. पण परत आल्यावर ती तेच बूट पुन्हा हुंगते, बराच वेळ, तळव्यापासून नाडीपर्यंत, आणि मी ज्या वाटेने जाऊन आलो तिथल्या बऱ्याचशा बातम्या तिला घरबसल्या मिळतात.